मचाणावरचा नेम

तापीच्या उत्तर तीरावरून यावल, रावेर, चोपडा आणि शिरपूर या तालुक्यांतील काळीभोर जमीन ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे जाऊ लागले म्हणजे केळीच्या बागा आणि कपाशीची शेते हळूहळू मागे पडतात, अंजन, सालई, धावडा आणि साग यांचे रान सुरू होते, आणि एखाद्या नाल्याच्या डोहाशी, जुन्या झाडाच्या बेचक्यात आडव्या बल्ल्या बांधून केलेले मचाण दृष्टीस पडते. मैदानातला शेतकरी ज्वारी-बाजरीच्या राखणीसाठी चार मेढी पुरून जो माळा उभारतो, त्याचे आणि या मचाणाचे मूळ एकच. उंचावर बसल्याने लांबवरचे दिसते, हा दोहोंचा समान लाभ. परंतु मचाणाला आणखी एक लाभ असतो. चितळ, सांबर, भेकर यांसारख्या जनावरांचे कान, नाक आणि डोळे बहुतांशी जमिनीच्या पातळीवरून येणाऱ्या संकटासाठी सज्ज असतात. डोक्यावर पंधरा-वीस फुटांवर स्तब्ध बसलेला माणूस त्यांच्या नजरेत सहसा भरत नाही, आणि वारा अनुकूल असला तर त्याचा वासही त्यांच्या वरून निघून जातो. धनुष्यबाण चालविणाऱ्याला जनावराच्या अगदी निकट जावे लागते आणि जनावर तर निकट येऊ देत नाही. ही अडचण ज्याने प्रथम झाडावर चढून सोडविली, त्याची बुद्धी खरोखर वाखाणण्याजोगी होती.

मात्र उंचीने एक अडचण सोडविली तशी दुसरी उभी केली. सपाट जमिनीवर उभे राहून वीस-पंचवीस पावलांवरचे लक्ष्य हमखास वेधणारा तिरंदाज मचाणावर चढला की त्याचा बाण पुष्कळदा लक्ष्याच्या पाठीवरून निघून जातो. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार झाडावरच्या बैठकीतून धनुष्याने करण्याची रीत आजही रूढ आहे व परवाना घेऊन ठरावीक हंगामात तशी मुभाही आहे. तेथल्या नवशिक्याला पहिला इशारा याच चुकीविषयी मिळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार बंद केले, आणि ते बंद झाले हे सर्वस्वी योग्यच झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा पुढील विवेचन कोणाला शिकारीचा मोह पडावा म्हणून नाही. खानदेशातील भिल्ल, पावरा, बारेला आणि तडवी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या हातांत जपली, तिच्या पोटात केवढे शास्त्र दडलेले आहे, हे सामान्य वाचकाला उलगडून सांगावे, एवढाच हेतू आहे.

बाण धनुष्यातून सुटला की त्याच क्षणापासून तो पडू लागतो. तो सरळ जातो असे आपल्याला वाटते खरे, परंतु पृथ्वीचे आकर्षण त्याला निमिषभरही मोकळे सोडीत नाही. बांबूच्या चांगल्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला ४५ मीटर धरला, तर २० मीटरवरच्या लक्ष्यापाशी पोहोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत तो आपल्या मूळ रेषेपासून जवळजवळ एक मीटर खाली येतो. सरावलेला तिरंदाज हे पडणे अजाणता भरून काढतो. त्याचा हात आपोआप तेवढा वर उचलला जातो, आणि ही उचल इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे भानही त्याला राहत नाही.

आता हाच तिरंदाज सहा मीटर उंचीच्या मचाणावर बसला आहे आणि लक्ष्य त्याच्यापासून तिरक्या रेषेत तेच २० मीटर आहे, असे समजा. शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोण येथे उपयोगी पडतो. कर्ण २०, उंची ६, म्हणून पाया १९ मीटरपेक्षा किंचित अधिक. आकर्षणाची ओढ नेहमी सरळ खाली असते. बाणाचा मार्ग जितका उतरता, तितका त्या ओढीतला काही भाग बाणाला रेषेपासून ढळविण्याऐवजी त्याच रेषेवरून पुढे ढकलण्यात खर्ची पडतो. परिणामी उतरत्या माऱ्यात बाण आपल्या रेषेपासून कमी ढळतो. तिरंदाजाचा हात मात्र जुन्या सवयीने सपाटीवरच्या वीस मीटरांची उचल देतो, आणि बाण वर जातो. खालून वर, म्हणजे डोंगरउतारावर उभ्या असलेल्या जनावरावर मारतानाही नेमके हेच घडते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. परंतु चढ असो वा उतार, हिशेब धरायचा तो पायाचा, कर्णाचा नव्हे. मचाणावर चढण्यापूर्वी ज्याने झाडाच्या बुंध्यापासून पावले मोजून खुणेचे दगड ठेवले, त्याने त्रिकोणमितीचे नावही न ऐकता बरोबर तेच अंतर हस्तगत केलेले असते. आणि जो वर बसून नजरेने अदमास घेतो, तो कर्णाच्या फशी पडतो.

येथपर्यंतचे विवेचन बहुतेक पुस्तकांत असते आणि बहुतेक लोक येथेच थांबतात. परंतु आकडे जरा पुढे नेले म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. वरच्या उदाहरणात उंचीमुळे पडणारा फरक किती? जेमतेम चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटे. उतार ३० अंशांचा झाला तर तो तेरा सेंटिमीटरांवर जातो, आणि ४५ अंशांचा झाला तर अठ्ठावीसवर; पण इतक्या खड्या कोनातून मारा करण्याचा प्रसंग डोंगरकड्यावर येतो, सामान्य मचाणावर क्वचितच. मग चांगला तिरंदाज मचाणावरून हातभर वर बाण मारतो, त्याचा दोष एकट्या आकर्षणावर कसा टाकावा? याचे उत्तर शोधायला भूमितीचे पुस्तक मिटून माणसाच्या देहाकडे पाहावे लागते.

धनुष्य ताणून उभा असलेला माणूस कधी बाजूने न्याहाळून पाहावा. धनुष्य धरलेला हात खांद्याच्या रेषेत पुढे ताठ असतो, दोर ओढणाऱ्या हाताचे कोपर मागे त्याच रेषेत असते, धड सरळ खाली उतरलेले असते. आणि दोर धरलेली बोटे हनुवटीपाशी किंवा ओठांच्या कोपऱ्याशी, दर वेळी अगदी त्याच जागी, टेकलेली असतात. ज्या धनुष्याला नेम धरायची खूण नाही, त्याचा मागचा नेम म्हणजे हीच जागा. डोळा आणि बाणाचे बूड यांतले अंतर दर खेपेस तेच राहिले, तरच नजर आणि बाण यांचा कोन तोच राहतो. आता मचाणावरच्या नवख्या माणसाकडे पाहा. जनावर खाली आहे म्हणून तो धड तसेच ताठ ठेवून फक्त पुढचा हात खाली करतो. त्याबरोबर खांद्यांची रेषा मोडते, मागचे कोपर जागेवरून ढळते, दोर दोन-तीन बोटे कमी ओढला जातो, मान पुढे झुकते, आणि हनुवटीखाली टेकलेली बोटे सरकतात. बाणाचे बूड डोळ्याच्या हिशेबाने एकच सेंटिमीटर खाली घसरले, तर ७० सेंटिमीटर ओढलेल्या बाणाचे टोक तितक्या कोनाने वर उचलले जाते, आणि वीस मीटरांवर तो बाण अठ्ठावीस सेंटिमीटर वर जातो. आकर्षणाने चार-पाच सेंटिमीटर, आणि हनुवटीवरच्या एका सेंटिमीटरने अठ्ठावीस! या दोन आकड्यांत मचाणावरच्या नेमाचे सारे मर्म आहे. चुकते ती नजर नसते. कंबर न वाकल्याने वरचा सारा बांधा मोडतो आणि नेम त्याबरोबर जातो.

म्हणून जाणता धनुर्धर प्रथम समोर, क्षितिजाच्या पातळीवर धनुष्य ताणतो, बोटे हनुवटीशी जागच्या जागी बसली याची खातरी करून घेतो, आणि नंतर खांदे, हात, मान यांचा सारा बांधा अखंड ठेवून केवळ कमरेतून खाली वाकतो. बसून मारायचे असेल तर बैठकीच्या कडेशी सरकून, पाय मोकळे सोडून, तेच वाकणे साधावे लागते. आणि धनुष्याचे खालचे टोक बल्लीला किंवा फांदीला लागणार असेल तर ते किंचित कलते धरावे लागते. कमरेतून वाकले म्हणजे तोल पुढे जातो, आणि पंधरा-वीस फुटांवरून पडणे म्हणजे हाडे मोडून घेणे किंवा जिवाशी गाठ. परदेशात झाडावरच्या बैठकीतून पडून होणारे अपघात इतके सर्रास आहेत, की छाती-कमरेला पट्टा आवळून तो बुंध्याशी जखडल्यावाचून वर बसू नये, असा तेथला दंडक आहे. या पट्ट्याचा उपयोग केवळ प्राणरक्षणापुरता नाही. ज्याला पडण्याची भीती नाही त्याचीच कंबर मोकळेपणाने वाकते, आणि ज्याची कंबर वाकते त्याचाच बाण जागी बसतो.

भिल्लांचे धनुष्य बांबूचे असते आणि त्याचा दोरही पुष्कळदा बांबूच्याच चिरफाळीचा, पातळ तासून गुळगुळीत केलेला. बाणाला मागे पिसे बांधलेली, पुढे गावच्या लोहाराने घडविलेले लोखंडी फाळ. कोठे खूण नाही, कोठे आधार नाही. तर्जनी आणि मध्यमा यांच्यामध्ये बाणाचे बूड धरून, अंगठा न लावता दोर ओढण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे, आणि तिचा संबंध एकलव्याच्या गुरुदक्षिणेशी जोडण्याची आपल्या लोकांना मोठी हौस आहे. ती श्रद्धा म्हणून मला प्रिय आहे. परंतु युरोपातील धनुर्धरही अंगठा न लावताच दोर ओढीत आले आहेत, आणि तुर्क, मंगोल व मोगल यांच्यात अंगठ्यात अंगठी चढवून ओढण्याची रीत होती, एवढे ध्यानात ठेवलेले बरे. महत्त्वाचे हे की बोटांची पकड कोणतीही असो, ती दर वेळी तीच असली पाहिजे. लहानपणापासून तीरकमठा हाताळलेल्या पोराच्या अंगात ही एकरूपता जशी भिनते तशी ती प्रौढपणी शिकून येत नाही, आणि उतारावर राहणाऱ्या माणसाला तर सपाटीचा नेम आणि उतरता नेम असे दोन वेगळे धडे मुळी गिरवावेच लागत नाहीत. त्याचे घर, शेत आणि पाणवठा सारे चढउतारावरच असते.

नेम खाली धरण्याची ही विद्या भिल्लांनी आणखी एका ठिकाणी चालविली, आणि ती मला मचाणाहूनही अधिक नवलाची वाटते. मासे मारण्यासाठी त्यांनी एक खास बाण योजला होता. त्याचे फाळ लांब असे आणि काडीला सैल बसविलेले असे. मासा विंधला गेला की फाळ काडीतून निसटे, परंतु दोघांना जोडणारी लांब दोरी कायम राही, आणि काडी पाण्यावर तरंगत मासा कोठे गेला ते दाखवीत राही. इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांच्या काळापासून या बाणाची नोंद आढळते. आता काठावरून पाण्यातल्या माशावर नेम धरायचा म्हणजे डोळ्यांनाच अविश्वासाने वागवायचे. पाण्यातून बाहेर येताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. सरळ वरून पाहिले तर चार हात खोल असलेला मासा तीन हातांवर भासतो, आणि तिरपे पाहिले तर फसगत आणखी वाढते. जेथे मासा दिसतो त्याच्या खाली बाण मारणाऱ्यालाच मासा मिळतो. तापी, अनेर, सुकी यांच्या काठी ज्यांनी हा धडा गिरविला, त्यांच्या हाताला उंचावरून खाली मारताना नेम खाली उतरविणे परके का वाटावे?

जनावराच्या बाबतीत तर नेम खाली धरण्याला आणखी एक कारण आहे. दोर सुटल्याचा आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने धावतो, म्हणजे वीस मीटरांवर तो बाणाच्या कितीतरी आधी पोहोचतो. त्यानंतर बाण येईपर्यंत जनावराच्या हाती सेकंदाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग उरतो, आणि हरणाला तेवढा पुरेसा असतो. उडी घेण्यासाठी ते प्रथम पाय दुमडून खाली दबते. त्याची पाठ वीतभर खाली जाते, आणि जेथे त्याची छाती होती तेथून बाण रिकामा निघून जातो. पाहणाऱ्याला वाटते, हरणाने बाण चुकविला. वास्तविक त्याला बाण दिसलेलाही नसतो. त्याने केवळ पळण्याची पहिली हालचाल केलेली असते. बांबूच्या धनुष्याचा मारा जवळच्या अंतरापुरताच का विश्वसनीय, याचे उत्तर ताकदीइतकेच या आवाजातही आहे. दहा मीटरांवर बाण पाव सेकंदाच्या आत पोहोचतो आणि तो पडतोही पाव मीटरहून कमी; वीस मीटरांवर पडणे चौपट होते. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट, हा हिशेब डोंगरातल्या माणसाने मांडला नसेल, पण जवळ आल्याखेरीज दोर सोडायचा नाही हे तो जाणत होता.

राहिला प्रश्न बाण कोठे बसावा याचा. आणि येथे दया आणि कौशल्य यांची वाट एकच होते. बाण धक्क्याने मारीत नाही, तो कापून मारतो. म्हणून तो फुप्फुसांतून गेला तरच जनावर थोड्या क्षणांत कोसळते, अन्यथा ते जखमी होऊन रानात दिवसचे दिवस तळमळते. सपाटीवरून मारणारा कातडीवरचा एक बिंदू धरतो आणि ते चालून जाते, कारण बाण आडवा जातो. मचाणावरून गेलेला बाण शरीरात शिरल्यावरही उतरतच राहतो. जनावराच्या छातीची रुंदी एक वीत धरली, तर सहा मीटर उंचीवरून वीस मीटरांवर मारलेला बाण पलीकडच्या बाजूने चार बोटे खाली बाहेर पडतो. आणि कोन ४५ अंशांचा असला तर पुरी एक वीत खाली. म्हणून वर बसलेल्याने दिसणाऱ्या बाजूचा बिंदू न पाहता बाण जेथून बाहेर पडायचा ती न दिसणारी बाजू मनात धरली पाहिजे, आणि त्या मानाने शिरण्याची जागा वर घेतली पाहिजे. जनावर अगदी मचाणाखाली आले असता तर मोह अनावर होतो, पण तोच सर्वांत वाईट नेम. वरून दिसतो तो कणा आणि बरगड्यांची कमान, आणि बाण लागलाच तर एकाच फुप्फुसाला लागतो. अशा वेळी जनावर चार पावले पुढे जाऊन पाठमोरे, तिरपे होईपर्यंत ताणलेला श्वास धरून बसणे, आणि ते तसे झालेच नाही तर दोर न ओढता त्याला जाऊ देणे, ही या विद्येची सर्वांत अवघड पायरी आहे. शिकारीच्या गोष्टींत तिचे वर्णन क्वचितच येते, कारण न सुटलेल्या बाणाची गोष्ट कोणी सांगत नाही.

आपल्या वाङ्मयाला हा संयम अपरिचित नाही. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त पहिल्याच अंकात धनुष्य ताणलेल्या दुष्यंताला तपस्वी थांबवितात, कारण हरिण आश्रमाचे आहे, आणि दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गाताना चल लक्ष्यावर बाण बसणे यातच धनुर्धराची थोरवी मानतो. नाटककाराने मृगयेची स्तुती आणि तिला घातलेला बांध ही दोन्ही शेजारी ठेवली, आणि कथा पुढे गेली ती बाण उतरविल्यामुळे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचविलेल्या ‘मानसोल्लासा’तही मृगयेचा विनोद म्हणून सविस्तर विचार आहे. म्हणजे राजांच्या मृगयेला शास्त्र लाभले, ग्रंथ लाभला. डोंगरातल्या माणसाच्या तीरकमठ्याला तो लाभला नाही.

याचे शल्य खानदेशाच्या इतिहासाचे पान उलटताना अधिकच बोचते. १८१८ मध्ये पेशवाई बुडून हा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला, तेव्हा सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतील भिल्ल कोणाच्याही बंदोबस्ताला जुमानीत नव्हते. फौजा पाठवून थकल्यावर १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या सरकारने धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या नेमल्या, जमिनी आणि तगाई देऊन काहींना नांगराला जुंपले, आणि काहींची पलटण उभारण्याचे काम बावीस वर्षांच्या जेम्स औट्रमकडे सोपविले. धरणगाव हे त्या पलटणीचे ठाणे. औट्रमने भिल्लांचा विश्वास संपादन केला तो हुकमाने नव्हे, त्यांच्याबरोबर रानात शिकारीला हिंडून; आणि तो १८३५ मध्ये येथून गेला तेव्हा त्याचे नाव डोंगरात घरोघर झाले होते. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात, आणि १९८६ पासून त्या भागात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. पलटणीत शिरलेल्या भिल्लाच्या खांद्यावर बंदूक आली. ज्यांनी पलटण पत्करली नाही, त्यांच्यातील पुढची पिढी १८५७-५८ च्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या मागे उभी राहिली आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात इंग्रजी फौजेशी लढली. त्या काळच्या दप्तरातले जे माझ्या पाहण्यात आले, त्यात भिल्लांचे गुन्हे, हक्क, वतने आणि नाईकांची नावे यांची नोंद विपुल आहे. धनुष्याच्या नोंदीला मात्र चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

तिकडे अमेरिकेत थोड्या निराळ्या रीतीने घडले. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा अखेरचा माणूस, इशी, रानातून बाहेर आला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या वस्तुसंग्रहालयात आश्रय मिळाला, आणि तेथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयातील सॅक्स्टन पोप नावाचे डॉक्टर त्याचे मित्र झाले. पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य तासण्यापासून दबा धरण्यापर्यंत सारे शिकून घेतले, आणि इशी १९१६ मध्ये निवर्तल्यानंतर, १९२३ मध्ये, धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. आज अमेरिकेत झाडावर बसून नेम धरणारे असंख्य लोक त्या पुस्तकाने जागविलेल्या छंदाचे वारस आहेत. ज्या समाजाने इशीच्या लोकांचा उच्छेद केला त्याच समाजात ही विद्या उरावी, यात समाधान मानावे असे काही नाही. तरी एका जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्यापुढे शिष्य म्हणून बसून त्याचे बोल लिहून घेतले, हे मोलाचे आहे. यावल-शिरपूरच्या डोंगरातल्या म्हाताऱ्या तिरंदाजांपुढे असे बसणारे कोणी निघावे, आणि ते लवकर निघावे, असे मला मनापासून वाटते.

शिकार गेली म्हणून मचाण गेले नाही. यावलचे अभयारण्य १९६९ पासून आहे, शिरपूर तालुक्यातले अनेर धरणाचे १९८६ पासून. महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठच्या मचाणांवर माणसे बसतात, आणि चांदण्यात पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद करतात. जागणाऱ्याला उन्हाळ्याची ती रात्रही मोठी वाटते. सूर्य मावळला की तापलेल्या उतारावरची हवा थंडावून नाळेतून खाली वाहू लागते, आणि मचाण पाण्याच्या वरच्या अंगाला असेल तर माणसाचा वास थेट पाणवठ्यावर उतरतो. जुने लोक जागा निवडताना हे पाहत आणि आजचा जाणता वनरक्षकही पाहतो. सांबर आले तर प्रथम झाडोऱ्याच्या कडेला कितीतरी वेळ नुसते उभे राहते, कान एकेक करून फिरवते, एक पाय उचलून तसाच धरते, आणि मग पाण्याकडे येते. बाण सोडायचा नसला तरी येथे बसणाऱ्याला तेच सारे पाळावे लागते: हालचाल नाही, आवाज नाही, तंबाखूचा वास नाही, आणि जवळ आलेल्या जनावराला अंदाजाने न मोजता नीट न्याहाळून मग लिहिणे.

आणि नेमाची विद्या? तिलाही आज जागा आहे, आणि ती फार योग्य आहे. ऑलिंपिकमधली तिरंदाजी सपाट मैदानावर ७० मीटरांवर होते. तेथे चढउताराचा प्रश्नच नाही. परंतु जागतिक तिरंदाजी संघटनेच्या मान्यतेने चालणारा ‘फील्ड’ तिरंदाजी नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो रानात, डोंगरउतारावर खेळतात. लक्ष्ये कधी खाली दरीकडे, कधी वर चढावर मांडलेली असतात, आणि एका फेरीतील चोवीस लक्ष्यांची अंतरे मुद्दामच सांगत नाहीत. त्यात बिनखुणेच्या साध्या धनुष्याचाही स्वतंत्र गट असतो. म्हणजे मचाणावरच्या तिरंदाजाला जे जे यावे लागते, पायाचे अंतर ओळखणे, कमरेतून वाकणे, उतारावर पाय रोवणे, ते सारे येथे लागते आणि कोणाचा जीव जात नाही. राजस्थानच्या आदिवासी मुलखातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर हात बसवून पुढे तीन ऑलिंपिकमध्ये खेळला. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड धनुष्याच्या वैयक्तिक गटात जगज्जेतेपद मिळविले. सातारा आणि नागपूर यांनी जे केले ते खानदेशाला अशक्य नाही. उलट ज्या प्रकारात उताराचाच कस लागतो, त्यात सातपुड्याच्या पोरांचे पाय जन्मतःच पुढे आहेत.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. यावल, चोपडा, शिरपूर येथील आश्रमशाळांच्या आवारात गवताचे घट्ट भारे बांधून काही सपाटीवर, काही उताराच्या तळाशी लावता येतील. एक भक्कम माळा उभारून त्यावर चढणाऱ्यासाठी कमरेचा पट्टा ठेवता येईल, आणि माळ्याच्या पायापासून पाच, दहा, पंधरा, वीस मीटरांवर चुन्याच्या खुणा आखता येतील. मुलांनी प्रथम खाली उभे राहून मारावे, मग वर चढून त्याच खुणांवर मारावे, आणि प्रत्येक बाण भाऱ्यात कोठे बसला ते वहीत उतरवून घ्यावे. हनुवटीशी बोटे कोठे टेकली हे पाहायला शेजारी दुसरे पोर उभे असावे. तिरंदाजाला स्वतःला ते दिसत नाही. गावातला जो म्हातारा अजून तीरकमठा तासतो, त्याला मानधन देऊन या कामी बोलवावे, आणि तो पोरांना त्यांच्या बोलीत जे सांगेल ते एखाद्या तरुण शिक्षकाने तेथल्या तेथे टिपून घ्यावे.